मशीनवरचं नाव

१३ जानेवारी २०२५, सोमवार. सांगली

जोतीराम सरांचा फोन! अकरा वर्षांनी! सोनोग्राफीच्या टेबलावर सकाळची चौदावी बाई, माझा हात जेलनं बरबटलेला, फोन वाजून वाजून थांबला. जेवायच्या सुट्टीत परत लावला.

"काय गं मयूरी, हात गंजले का?" — तोच आवाज, तोच कोरेगावी ठसका! सातारला हायवेला नवं हॉस्पिटल उभं राहिलंय. त्यात कॅथलॅब. म्हणजे पोट न फाडता, मांडीच्या नसेतनं बारीक तार घालून आतलं दुखणं बरं करायचं, ते काम. सर पुण्याहून आठवड्यातनं तीन दिवस येणार. हाताखाली एक रेडिओलॉजिस्ट हवाय त्यांना, एकच. दोन वर्षं शिकायचं, मग लॅब त्याच्या हवाली. "पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत हे करणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोज. त्यात बाई एक नाही. तू सहा महिने शिकलीस आणि पळालीस. ये परत. एक एप्रिलपासून."

पळाले म्हणे! सर, मी पळाले नाही, मला वाजतगाजत नेलं. पण बोलले नाही तसं. "विचार करून सांगते" एवढंच म्हटलं, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून. नंतर पंधरावी बाई.

१४ जानेवारी, मंगळवार. जत

संक्रांत असली म्हणून काय झालं, मंगळवार म्हणजे जत. मंगळवार-शुक्रवार जत, बाकीचे दिवस सांगली. कायद्यानं एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच ठिकाणी सोनोग्राफी करता येते. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, दोन्ही जागा पुरेपूर वापरल्यात. परवान्यावर डॉक्टरचं नाव लागतं. दोन्ही मशीनवर माझं. मी नसले की मशीनला कुणी हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

दोन तास गाडी चालवून पोचले तर बत्तीस बायका बसलेल्या. सणासुदीच्या दिवशी! दारावर भामाबाई, सेंटरवरची मावशी. अर्धा जन्म मेंढरांमागं गेला तिचा, गुडघे बोलायला लागल्यावर आमच्याकडं लागली. रांग लावते ती मेंढरं आत घातल्यासारखीच. "आवं सरका की जरा! म्याडमना वाट द्या!" निम्म्या बायका कानडी बोलणाऱ्या. श्वास धर म्हणायचं तर "उसिरु हिडी" म्हणायचं, हे भामाबाईनंच शिकवलं मला.

दुपारी तिनं तीळ लावलेली भाकरी पुढं केली. "खावा. आज तोंडावर काय तरी येगळंच दिसतंय तुमच्या. म्हायारास्नं कोण आलंतं व्हय?"

म्हटलं, फोन आला होता.

"मग चांगलीच बातमी आसंल."

चांगलीच होती गं बाई. म्हणून तर घास उतरेना.

१९ जानेवारी, रविवार

सृष्टीच्या परकराला नाडी ओवत होते. पिन नाडीला टोचायची, नेफ्यातनं सरकवायची, टोक कुठं आलंय ते कापडावरनं बोटानं चाचपायचं, अडलं की जरा मागं, जरा फिरवायचं, पुन्हा पुढं. आणि एकदम बोटं थांबलीच. हेच की ते! तार अशीच जाते आतनं. पडद्यावर दिसतं सगळं, पण खरं कळतं ते बोटांना. वळण आलं की तार आधी बोटांना सांगते.

सहा महिन्यांत एकदाच सरांनी मला एकटीला करू दिलं. बाळंत होऊन चार तास झालेली बाई, रक्त थांबता थांबेना, पिशवी काढायची तयारी चाललेली. सर माझ्यामागं हाताची घडी घालून उभे. "मी इथं नाही असं समज." अंगावर तो सात किलोचा शिशाचा एप्रन, पाठीवर घामाची धार. तार वर नेली, वळवली, आत शिरली. नस बंद केली. रक्त थांबलं! बाईनं डोळे उघडून विचारलं, "बाळानं दूध घेतलं का?" मला तेव्हा हसू येत होतं का रडू, आठवत नाही. पिशवी वाचली तिची. नाव विसरले, चेहरा नाही.

"आई, नाडी!" सृष्टी समोर उभी, एका हातानं परकर धरून. नऊ वर्षांची आहे, पण दटावते सासूसारखी.

२६ जानेवारी, रविवार

रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं फॉर्म पाठवलाय. आपल्या पेशात कोण, कुठं, काय काम करतंय याची पाहणी म्हणे. वय: एकोणचाळीस. स्त्री. गाव: एक जिल्ह्याचं, एक तालुक्याचं. रोजच्या तपासण्या: साठ ते सत्तर. सलग आठ दिवसांची शेवटची रजा: सृष्टीच्या वेळची. कामामुळं होणारा त्रास: उजवा खांदा. इथवर भराभर भरलं.

मग: इंटरव्हेन्शन (म्हणजे तेच, तारेचं काम) करता का? नाही. का नाही? एकावर खूण करा. आवड नाही. प्रशिक्षण नाही. किरणांची भीती. कौटुंबिक कारण.

पेन तसंच राहिलं हातात. आमच्या बॅचला पाच मुलगे, नऊ मुली. मुलांपैकी तिघं तार धरतात, एक दुबईला, एक घरात बसून परदेशातले सीटी स्कॅन वाचतो. नऊ मुलींपैकी आठजणींच्या हातात सोनोग्राफीचा प्रोब. नववीनं सोडूनच दिलं. आणि आठांतल्या सहाजणींचे नवरे स्वतःचं हॉस्पिटल असलेले डॉक्टर! योगायोग कसला? 'स्वतःचे हॉस्पिटल, रेडिओलॉजिस्ट वधू हवी' अशी जाहिरातच असते की. पगारावर रेडिओलॉजिस्ट मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. सून टिकते.

मला बघायला आले तेव्हा अण्णांनी स्वयंपाक येतो का विचारलं नव्हतं. "डिग्री हातात आहे ना? रजिस्ट्रेशनला किती दिवस लागतात?" सातारच्या घरी आई केवढी खूश झाली होती! शिक्षणाची कदर असलेली माणसं म्हणाली. लग्नाच्या आधी आठ दिवस मशीन घरात आलं होतं, खोक्याला हळदकुंकू लावून. सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी मी परवान्याच्या कागदांवर सह्या केल्या. मेंदी लालभडक होती अजून.

सरांकडच्या अर्धवट राहिलेल्या फेलोशिपचं विचारलं होतं मी तेव्हा. राजस, माझा नवरा, म्हणाला होता, "लग्नानंतर कर की. कोण नाही म्हणतंय?" आणि खरंच, कुणी नाही म्हणालं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही!

फॉर्म तसाच ठेवलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं राजसला. चहा पिताना, सरळ. पूर्ण वेळ, आठवड्याचे सहा दिवस, सातारला आईकडं राहीन, सृष्टीला बरोबर नेईन, रविवारी येऊ.

"बघू," म्हणाला.

हे 'बघू' मी ओळखते. राजस सर्जन आहे, पोट उघडायला दोन मिनिटं लागत नाहीत त्याला. तोंड उघडायचं म्हटलं की बघू! वाईट माणूस नाही. माझा खांदा दुखतो तेव्हा स्वतः शेक देतो. पण खांदा दुखू नये म्हणून काय करावं, ते नाही सुचत त्याला.

तरी या वेळी मी उठले नाही. म्हटलं, "बघू नको. आज सांग."

कप खाली ठेवून म्हणाला, "मला तू जायला हवी आहेस. पण मशीनचं काय करायचं ते अण्णांना विचार."

पहिलं वाक्य मी मनात दहा वेळा म्हणून बघितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांना विचारलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "जा की! दुसरा रेडिओलॉजिस्ट आण आणि खुशाल जा. दोन्हीकडचे पेशंट मी वाऱ्यावर सोडू का?"

यात खोटं काही नाही, हेच तर वाईट आहे. जतला दुसरी सोय नाही.

जाहिरात दिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. जत

तीन फोन आले. तीनच! पहिला पुण्याचा: "जत म्हणजे नक्की कुठं आलं?" सांगितलं तर हसला. दुसरा म्हणाला, सीटी पाठवा, घरून वाचतो. अरे बाबा, सोनोग्राफीला माणूस लागतं, बाईशेजारी बसून हात फिरवावा लागतो! तिसरी मुलगी खरंच चांगली वाटली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं इचलकरंजीला हॉस्पिटल आहे. "मॅडम, मी फक्त तुमच्याकडं किती कामाचे तास असतात ते विचारायला फोन केला, तिकडं सांगायला उपयोगी पडेल." घ्या!

आज चाळीस बायका. सरांचा मेसेज आला: मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाव कळव, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

जेवताना अण्णांनी जाहीर केलं. सुमंतला स्थळ आलंय. सुमंत माझा धाकटा दीर, हाडांचा डॉक्टर. लोणंदची मुलगी. वल्लरी नाव. वडील कांद्याचे व्यापारी. एमडीचा निकाल लागलाय, पास.

"कशात एमडी?" राजसनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. "रेडिओलॉजी."

खरं लिहिते. इथं तरी खरं लिहिते. मला आनंद झाला! मे महिन्यात लग्न, जूनपासून दोन्ही मशीनवर तिचं नाव. दोन महिने जत बंद ठेवू आणि सांगलीचं मी रविवारी येऊन उरकीन, हेसुद्धा अण्णांनीच सुचवलं. मी ताटावरनं उठून श्रीखंडाचं भांडं आणलं आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. सुमंतला तर दोनदा.

२ मार्च, रविवार. लोणंदहून परत

मुलगी छान आहे. छान म्हणजे चेहऱ्यानंच नव्हे. उंच, चष्मा, बोलताना समोरच्याकडं बघते. सुमंतला तिनंच तीन प्रश्न विचारले आणि तो तिसऱ्याला अडखळला. आवडली त्याला, कान लाल झाले होते. तिलाही तो आवडला असावा.

मग मोठ्यांनी आम्हा दोघींना गच्चीवर पाठवलं. "जावा-जावा बोलून घ्या." खाली अंगणात कांद्याच्या पोत्यांची थप्पी, पलीकडं रेल्वेचे रूळ.

"ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

म्हटलं, विचार की.

"मला इंटरव्हेन्शनची फेलोशिप लागलीय. चेन्नईला. दोनच जागा होत्या, त्यातली एक मला." हे सांगताना तिची बोटं नुसती चाललेली. मला कळलं ती कसली हालचाल आहे. तार फिरवत होती! "तुमच्या घरचे म्हणतात, लग्नानंतर कर. कोण नाही म्हणतंय, असं म्हणाले. बाबांना पटलंय. पण तुम्ही त्याच घरात आहात, त्याच कामात आहात. होतं का हो ते नंतर?"

गाडी चालली होती रुळांवरनं. ती जाईपर्यंत मी थांबले. गाडीचा आवाज होता म्हणून नव्हे.

"होतं की," म्हटलं. "का नाही होत?"

तिनं माझा हात धरला. गार होता तिचा हात. "बरं झालं तुम्हाला विचारलं," म्हणाली.

३ मार्च, सोमवार

सरांना होकार कळवला. "शाबास," म्हणाले.

४ मार्च, मंगळवार. जत

भामाबाईला सांगितलं. ती फरशी पुसत होती. उठून उभी राहिली.

"तुमी गेलासा तर हितल्या बायांनी काय करायचं?"

जूनपासून दुसऱ्या मॅडम येतील म्हटलं.

"आन् तवर? पोटुशीनं येष्टीत बसून मिरजंपतूर हादरत जायाचं व्हय?" मग माझं तोंड बघून तिचीच जीभ मऊ झाली. "न्हाई, जावा तुमी. तुमास्नी बी जीव हाय. लय वर्सं झाली की हितं." आणि परत फरशी पुसायला बसली. पुसलेलीच जागा पुसत होती.

मला रागच आला. तिचा नव्हे. सगळ्या जिल्ह्याला एक बाई पुरवायची, आणि ती हलली की तिनंच अपराधी व्हायचं, हा कुठला न्याय?

९ मार्च, रविवार. सातारा

लॅब बघितली! नवी कोरी. सरांनी स्वतः फिरवून दाखवली. यंत्राचा तो अर्धगोल हात वर टांगलेला, पडदे अजून प्लॅस्टिकमध्ये. भिंतीवर एप्रन. मी एक काढून अंगावर चढवला. खांदा ठणकला आणि तरी काढावासा वाटेना. सरांनी तार हातात दिली, नुसती, टेबलावरच्या रबरी नळीतनं घालायला. पहिल्यांदा अडकली. दुसऱ्यांदा अडकली. तिसऱ्यांदा बोटांना आठवलं! मी "गेली!" म्हणून ओरडलेच. सर आणि टेक्निशियन दोघं हसले. हसू देत.

घरी आईनं विचारलं, "एवढं काय आहे गं त्यात?" मला सांगताच येईना. म्हटलं, आई, सोनोग्राफीत मी बघते आणि लिहून देते. बरं कुणीतरी दुसराच करतो. मला बरं करायचंय. आईनं पोळीवर तूप जरा जास्तच वाढलं आणि मागची खोली माझ्यासाठी रिकामी करायला घेतली. संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर ऊन पिवळं झालं होतं. खिडकीतनं दिसतं. लग्नाआधी रोज दिसायचं.

बावीस दिवस राहिले.

१६ मार्च, रविवार

अण्णांनी कागद आणले. जून-जुलैत धावपळ नको, आत्ताच तयार ठेवू म्हणाले. दोन अर्ज: सांगली आणि जत. माझं नाव कमी करा, डॉ. वल्लरी यांचं घाला. तिचा फोटो चिकटवलेला, डिग्रीची प्रत जोडलेली. साखरपुडासुद्धा व्हायचाय अजून! तिच्या बाबांनी सगळं लगेच पाठवून दिलं म्हणे. शिक्षणाची कदर असलेली माणसं.

मी सह्या केल्या. चारही ठिकाणी. मग स्वयंपाकघरात गेले, गॅस लावला, आणि कशाला लावला तेच आठवेना.

१९ मार्च, बुधवार

वल्लरीचा मेसेज: "ताई, तुम्ही त्या दिवशी बोललात आणि मी निर्धास्त झाले. आई म्हणते, जाऊ म्हणजे मोठी बहीण. जून-जुलैत तुमच्याकडून सगळं समजून घेईन. फेलोशिप पुढच्या वर्षी बघू."

बघू! तिलाही लागलं की हे 'बघू'.

आरशात बघवलं नाही आज. अण्णांना नावं ठेवते मी, राजसला ठेवते. त्यांनी मला निदान नकळत फसवलं असेल. मी तिला कळून-सवरून फसवलं! मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं, आणि तिनं माझ्याकडं 'खरं सांगाल?' म्हणून मागितलं होतं. फोन करायला हवा. खरं सांगायला हवं. सांगितलं की ती लग्नाला नाही म्हणेल, निदान आत्ता नाही म्हणेल. मग मशीनवर नाव कुणाचं? माझं. आणि सातारा?

उद्या करते फोन.

२० मार्च, गुरुवार

नाही केला.

२१ मार्च, शुक्रवार. जत

नाही केला. एकेचाळीस बायका होत्या. निमित्तच पाहिजे होतं मला.

२२ मार्च, शनिवार

हातात फोन घेतला आणि सृष्टीची वह्या-पुस्तकं खोक्यात भरत बसले. ती "आजीकडं मांजर पाळायचं!" म्हणून नाचतेय. तिला काय सांगू?

२३ मार्च, रविवार

केला.

सगळं सांगितलं, एका दमात. नंतर होत नाही गं. मला झालं नाही. कुणी अडवत नाही, कुणी ओरडत नाही, फक्त उद्या सकाळी पुन्हा चाळीस बायका दाराशी असतात आणि परवान्यावर तुझं नाव असतं. मी तुला खोटं सांगितलं, कारण तू आलीस तर मी सुटणार होते. सुमंत चांगला मुलगा आहे, लग्न कर हवं तर, पण आधी चेन्नईला जा.



"ताई," म्हणाली, "काल शेवटची तारीख होती. मी जागा सोडल्याचं पत्र काल दुपारी पाठवलं. मागच्या नंबरच्या मुलाला आज मिळालीसुद्धा."

मग म्हणाली, "बाबा म्हणत होते एकदा चौकशी कर. मी म्हटलं, कशाला, ताईंनी सांगितलंय की."

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच रडत होती, तोंडावर हात दाबून, घरात कुणाला कळू नये म्हणून. मला तो आवाज ओळखीचा आहे.

गुरुवारी केला असता तर! शुक्रवारी, जतहून येताना, गाडी कडेला घेऊन! तीन दिवस होते माझ्याकडं.

२५ मार्च, मंगळवार

जत. अडतीस बायका. लिहवत नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून झाल्यावर अण्णांना म्हटलं, ते दोन्ही अर्ज फाडून टाका. मशीनवर माझंच नाव राहू दे. दोन्हीकडं.

अण्णा बघतच राहिले. मग खूश! "शहाणी पोर आहेस," म्हणाले. एक अट घातली मी. सगळ्यांसमोर घातली, कबूल करून घेतली. सुमंतनं तर सगळ्यांत आधी मान डोलावली. राजस माझ्यामागं स्वयंपाकघरात आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. त्याचे डोळे भरले होते. "बघू नकोस आता," म्हटलं, "ताटं घे."

१ एप्रिल, मंगळवार. सातारा

सकाळी साडेआठला पोचले. वल्लरी लोणंदहून येऊन हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबली होती, पिशवीत कपडे. राहणार माझ्या आईकडं, मागच्या खोलीत. लग्न ठरल्याप्रमाणं मेमध्येच, पण दोन वर्षं तिला सांगलीला कुणी बोलवायचं नाही. बोलावलं की त्या दिवशी मी दोन्ही मशीन बंद करणार. अट हीच होती.

तिला सरांपुढं नेऊन उभी केली. "सर, तुम्हाला एकच माणूस घेता येणार ना? मग हिला घ्या."

सरांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आणि तू गं?"

"निघते सर. जतला बायका बसल्या असतील."